अपंग तिरंदाजांची साधने : पट्टा, बकल आणि शिलाईचे काम

भिवंडीचे आदिल मोहम्मद नजीर अन्सारी यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझो येथे, अपंगांच्या आशियाई स्पर्धेत, नवीन दलाल यांच्या जोडीने तिरंदाजीचे कांस्यपदक मिळवले. ही बातमी वाचक बंधूंनी वाचली असेल. आम्हाला त्यामागचा धंद्याचा भाग सांगायचा आहे.

अन्सारी ज्या डब्ल्यू-१ गटात खेळतात, तिथल्या खेळाडूंच्या पायांबरोबर हातांतही कमजोरी असते. खुर्चीवर बसून ५० मीटरवर नेम धरायचा, आणि धनुष्याचा ताण ४५ पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २० किलो. कंपाउंड धनुष्याला टोकांशी चाके असतात. दोरी पुरती ओढली की त्यांच्यामुळे हातावरचा भार बराच उतरतो. पण मूठच वळत नसेल तर? नियमांनुसार धनुष्य हाताला पट्ट्याने बांधता येते, धड खुर्चीला बांधता येते, कुणी दोरीला चामड्याची पट्टी लावून ती दातांनी ओढतो. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडची शीतल देवी जन्मतः हातांविना आहे. ती पायाने धनुष्य धरते आणि खांद्यावरच्या पट्ट्याला लावलेल्या साधनाने दोरी ओढते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमार यांच्यासह तिला कांस्यपदक मिळाले.

धनुष्य कंपनीचे घ्यावे. त्यात आपण हात घालू नये, त्याला भोक तर मुळीच पाडू नये. ताणलेले धनुष्य तुटले तर माणूस जखमी होतो. मात्र माणूस आणि धनुष्य यांना जोडणारी वस्तू ज्याच्या त्याच्या मापाची लागते, आणि ती तयार डब्यात मिळत नाही. हे काम आपले आहे. मांजर्लीपासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंत जीन्सच्या जाड शिलाईवर हात बसलेले, चामडे कापणारे, वेल्डिंग करणारे कारागीर थोडे आहेत काय?

शिलाईवाल्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मणक्याला मार बसलेल्या माणसाला छातीखाली किंवा कमरेला स्पर्श कळत नाही. पट्टा काचला, शिवणीची गाठ रुतली, तरी तो ‘दुखते’ म्हणणार नाही. जखम होते, चिघळते आणि भरायला महिने जातात. म्हणून शिवण बाहेरच्या अंगाला, आत मऊ अस्तर, पट्टा रुंद, आणि बकल हाडावर येता कामा नये. पट्टा अर्धा तास बांधून सोडावा आणि घरच्या माणसाला कातडी पाहायला सांगावी. लाली राहिली तर माल परत घ्यावा, कुरकुर करू नये. दातांत धरायच्या पट्टीला रंग लावू नये, तो थुंकीत उतरतो.

वेल्डिंगचे काम खुर्चीचे. दोरी सुटताना हातटेकूला किंवा चाकाला लागत असेल तर हातटेकू काढता-घालता येईल असा करावा. पण नेम धरताना धनुष्याच्या हाताला खुर्चीचा कुठलाच भाग टेकू देऊ शकत नाही, असा नियम आहे. कोणते साधन चालेल हे खेळाडूच्या वर्गीकरण कार्डावर लिहिलेले असते. ते आधी मागून पाहावे, नाहीतर मेहनत पाण्यात.

यात ठोक ऑर्डर नाही, हे साफ सांगतो. एक नग, दोन-तीन वेळा फिटिंग, मग मजुरी. मजुरी मात्र पुरती घ्यावी. ‘बिचारा’ म्हणून अर्ध्या दामात केलेले काम अर्ध्या मनानेच होते. कच्छचे कमानगर एके काळी धनुष्ये करीत. धनुष्यांची मागणी सरली तसे ते भिंती रंगवू लागले, म्हणजे हुनर दुसरीकडे वळवला. आपल्याला तर सुई-दोरा तोच ठेवायचा आहे.

प्रत्येक खेळाडूचा खाका नावानिशी जपून ठेवावा. पट्ट्याची भोके आधी सैल होतात, आणि दुसऱ्या वेळी तो माप द्यायला येणार नाही, फोनच करील.