नवी सायकल : हौस आणि हिशेब

अल्लीपुरात सायकल ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. तेव्हा तिच्यावर व्याख्यान ते काय द्यायचे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. परंतु आता आपल्या रस्त्यांवर पहाटेच्या वेळी एक निराळीच सायकल दिसू लागली आहे. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी बहुधा नाही. आणि वर पुढे वाकून बसलेला स्वार. तिची किंमत ऐकली की जुना माणूस कपाळाला हात लावतो. या सायकलीविषयी हौशी मंडळींत फार कडाक्याचे वाद चालतात. ते वाद श्रीमंतांचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत, कारण जो सायकलीवरून कामावर जातो त्यालाही त्यांतून घेण्यासारखे बरेच आहे.

प्रथम गियर म्हणजे काय ते पाहू. आपल्या काळ्या सायकलीला पुढच्या चकतीवर 44 आणि मागच्या फ्रीव्हीलवर 18 दाते आहेत असे धरा. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे सुमारे अडीच फेरे होतात आणि गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. चढ असो, उतार असो, समोरून वारा असो, हा हिशेब बदलत नाही. बदलायचे ते आपल्या मांड्यांनी. नव्या सायकलीला पुढे दोन चकत्या असतात, समजा 50 आणि 34 दात्यांच्या, आणि मागे 11 पासून 34 दात्यांपर्यंत दहा-बारा चकत्यांचा गड्डा. पुढची मोठी नि मागची सर्वांत लहान चकती जोडली तर एका फेऱ्यात साडेनऊ मीटरांहून अधिक अंतर कापले जाते. 34 ला 34 जोडली तर जेमतेम दोन मीटर. गियर ताकद निर्माण करीत नाही. मजुराने एक क्विंटलचे पोते एकदम उचलायचे की वीस-वीस किलोच्या पाच खेपा करायच्या, एवढीच ती निवड आहे.

यावरही भांडणे झालीच. फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत 1903 साली सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांना साखळी बदलणारे गियर मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या मते शर्यत पायांची, यंत्राची नव्हे. ते निवृत्त झाल्यावर 1937 साली कुठे अशा गियरांना त्या शर्यतीत परवानगी मिळाली. नव्या वस्तूने माणूस आळशी होतो हा आक्षेप आमच्या गिरण्यांतही पुष्कळ ऐकला आहे, पण तो करणारा सहसा यंत्रावर उभा राहणारा नसतो.

आता वजनाचा प्रश्न. काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते, कार्बनच्या धाग्यांची रेसिंग सायकल सात-आठ किलो. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने शर्यतीच्या सायकलीला 6.8 किलोची किमान मर्यादा घातली आहे, म्हणजे त्याहून हलकी करणे अशक्य नाही. मुंबई-पुणे शर्यतीतल्या स्वाराला बोरघाट चढताना हे दहा-बारा किलो छातीवर बसतात. परंतु आपल्याकडे घाट कोठे आहे? सपाटीवर एकदा गती घेतली की वजनाचा फारसा अडथळा राहत नाही. तेथे अडवतो तो वारा, आणि त्यातही मोठा वाटा सायकलीचा नसून आपल्या अंगाचा. गती दुप्पट करायची तर वाऱ्याशी झगडायला सुमारे आठपट शक्ती लागते. तेव्हा दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी दहा हजार मोजणाऱ्याने तीच सायकल थोडे वाकून चालवली, तर त्याला अधिक लाभ होईल. खुद्द अनुभवी स्वारच हे सांगतात. दुकानदार सांगत नाही.

टायरांच्या बाबतीत तर मोठी गंमत झाली आहे. कित्येक वर्षे हौशी मंडळींत असा पक्का समज होता की टायर जितका अरुंद आणि हवेने जितका टणक, तितकी सायकल वेगवान. 23 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि शंभराच्या वर पौंड हवा हा नियमच होता. पुढे मोजमापे झाली तेव्हा कळले की खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि माणूस दोघांनाही वर उडवतो, आणि त्या उडण्यात पुढे जाण्याची शक्ती फुकट जाते. आता 28, 30, 32 मिलिमीटरचे टायर आणि कमी हवा ही रीत पडली आहे. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीचा टायर दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटरचा असतो. तो नव्या सायकलीच्या टायराइतका हलका नि लवचिक नसतो हे खरे, पण रुंदीचा मुद्दा त्याला आधीच ठाऊक होता.

बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूबविरहित टायराची चौकशी अवश्य करावी. त्यात रबराचा पातळ चीक घातलेला असतो. काटा निघाला की भोक आपोआप बुजते. मात्र आपल्या वैशाखात तो चीक लवकर आटतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी भरावा लागतो. हे ज्याला जमणार नाही त्याने साधी ट्यूब, ठिगळ आणि सोल्यूशनची नळी खिशात ठेवलेली बरी.

ब्रेकचा वाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुना ब्रेक रिमला रबराच्या गुटक्यांनी चिमटा घेतो. पावसाळ्यात आपली काळी माती रिमला चिकटली की गुटका आणि रिम दोन्ही झिजतात, आणि गाडी थांबायला उशीर होतो. चकतीचा ब्रेक चाकाच्या मध्याशी असल्याने त्याला चिखल कमी लागतो. शर्यतींत त्याला 2018 साली कायमची मान्यता मिळाली. पण त्यातही दोन जाती आहेत. एक तेलाच्या दाबावर चालणारी. ती उत्तम, परंतु बिघडली तर तिचे हत्यार गावच्या सायकलवाल्याकडे नाही. दुसरी तारेची, तार तुटली तर कोणत्याही दुकानात बसवून मिळते. आमच्या जिनिंगमधल्या एका तरुणाला 200 किलोमीटरची ब्रेव्हे करायची आहे. ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत अंतर पुरे केले की झाले. त्याला मी तारेचाच ब्रेक, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि मापाची उंची एवढे सांगितले, आणि कार्बनसाठी कर्ज काढू नको असेही. माप चुकलेली लाखाची सायकल गुडघ्यांचा सत्यानाश करते.

आता विजेच्या गियरांची गोष्ट. यात तार नसते. बटण दाबले की बॅटरीवरची लहानशी मोटर साखळी हलवते. जपानच्या साकाई गावी 1921 साली फ्रीव्हील बनवण्यापासून सुरू झालेल्या शिमानो कंपनीने 2022 साली आपला 105 नावाचा संच बारा चकत्यांचा केला, तो आधी फक्त विजेचा आणला. हा संच म्हणजे मध्यम खिशाच्या स्वाराचा आधार. आमचा साधा तारेचा संच कोठे गेला, अशी कुरकुर देशोदेशी झाली. पुढच्याच वर्षी, 2023 साली, कंपनीने तारेचा बारा चकत्यांचा संचही बाजारात आणला.

अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारे पाच हजार किलोमीटरांची शर्यत 2017 साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. तेव्हापासून आपल्याकडे ही हौस वाढली, आणि ते चांगलेच झाले. पण या महागड्या सायकलींचे बहुतेक सुटे भाग तैवान, चीन आणि जपानमधून येतात. आपल्या देशात वरळीची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले हे कारखाने बुडाले तेव्हा 1980 साली खास कायदा करून सरकारने ते ताब्यात घेतले. तरी ते टिकले नाहीत. अॅटलसच्या साहिबाबाद कारखान्यातल्या कामगारांना 3 जून 2020 रोजी काम बंद झाल्याची नोटीस फाटकावर वाचावी लागली. तो दिवस जागतिक सायकल दिन होता.

सप्टेंबर 2025 मध्ये सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तो काळ्या सायकलीलाही लागू आहे आणि लाखाच्या सायकलीलाही. खरेदी करताना पावती मागावी आणि तीवर कराचा दर कोणता लावला आहे ते वाचून घ्यावे.