आपल्या गाडीचे माप

मोटारींच्या छोट्या प्रतिकृती जमवणाऱ्या एखाद्या माणसाच्या घरी कधी गेलात, तर त्याच्या काचेच्या कपाटापाशी जरा थांबून पाहा. लाल फेरारी असेल, शर्यतीतली फॉर्म्युला वन असेल, दुसऱ्या महायुद्धातला एखादा रणगाडा तर हमखास असेल. नसेल ती शेजारच्या काकांची गाडी. जिच्या मागच्या सीटवर मांडीवर धरून आपण गणपती आणला, जिच्या टपावर वळकट्या बांधून कोकणात गेलो आणि जी पावसात बंद पडली की सगळे खाली उतरून ढकलायचो, ती गाडी त्या कपाटात दिसत नाही.

गेली तीसेक वर्षे मी हे संच, म्हणजे ज्यांना सगळे ‘किट’ म्हणतात ते, जुळवतो आहे. पेटी उघडली की प्लास्टिकच्या चौकटी निघतात आणि त्यांना लहानमोठे शे-सव्वाशे भाग लटकलेले असतात. ते कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. महिनाभर रात्री जेवणे आटोपल्यावर तासभर बसले की वीतभर लांबीची गाडी उभी राहते. या उद्योगात मी फेरारीच्या वाटेला फारसा गेलो नाही. मला ओढ आहे ती साध्या, संसारी गाड्यांची. त्याचे कारण घरातच आहे.

आमचे अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. १९७६ साली त्यांनी एक वापरलेली फियाट घेतली. ११०० डी, म्हणजे लोक जिला ‘डिलाइट’ म्हणत ती. फिकट राखाडी रंग, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि पुढे सोफ्यासारखी सलग सीट. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर अण्णांचा चेहरा ठाऊक नसलेली माणसेही ती गाडी ओळखत. अडलेल्या कितीतरी बायका तिच्यातून रात्री-अपरात्री साताऱ्याच्या सिव्हिलला पोचल्या. बरोबर सोबत म्हणून बहुतेक वेळा आमची आई असे. १९९३ साली अण्णांनी गाडी विकली आणि पुढे ती भंगारात गेल्याचे कळले. आता अण्णाही नाहीत. गाडीचे घरात दोन फोटो आहेत. एकात ताईच्या लग्नातल्या फुलांच्या माळांखाली बॉनेट झाकलेले आहे, दुसऱ्यात नुसते मागचे मडगार्ड आले आहे.

आई आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूने तिची दृष्टी गेल्या काही वर्षांत जवळजवळ गेली. माझ्या टेबलापाशी बसून ती गाड्या हातात घेते आणि बोटांनी बघते. एकदा मी तिच्या हातात ‘एअरफिक्स’ या इंग्रजी कंपनीच्या संचातून जुळवलेली ट्रायम्फ हेरल्ड दिली. १:३२ प्रमाणातली, जेमतेम बारा सेंटिमीटर लांब. दिव्यांवरच्या भुवया, मागचे टोकदार पंख तिने चाचपले आणि म्हणाली, “अगंबाई, ही तर वकिलांची!” आमच्या गल्लीतल्या वकिलांकडे खरोखरच स्टँडर्ड हेरल्ड होती. मग तिची बोटे दारावर थांबली. “पण हिची मागची दारं कुठं गेली रे?”

त्या प्रश्नात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. हेरल्ड मूळची इंग्लंडची, जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलाकाराने आखलेली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती १९६१ पासून आपल्याकडे बनवली. पुढे आपल्या कुटुंबांचा आकार ध्यानात घेऊन तिला चार दारे केली. ही चार दारांची हेरल्ड फक्त भारतात झाली. इंग्लंडमधल्या कारागिराने साचा बनवताना तिथल्या रस्त्यावरची दोन दारांची हेरल्ड मोजली. वकिलांची गाडी कोणीच मोजली नाही.

आईने तेव्हाच विचारले, “मग आपली फियाट कधी करणार?” तेव्हापासून माझा शोध सुरू झाला.

आधी वाटले, जगात इतके संच निघतात, आपली अकराशे कुठेतरी असेलच. कारण साध्या गाड्यांना जगभर मान नाही असे मुळीच नाही. जपानचे उदाहरण घ्या. १९५८ साली आलेली सुबारू ३६० ही तिथल्या मध्यमवर्गाची पहिलीवहिली चिमुकली गाडी. तिचा १:२४ प्रमाणातला सुरेख संच ‘हासेगावा’ कंपनीने काढला आहे, होंडा एन ३६० चाही काढला आहे. जर्मनीच्या ‘रेव्हेल’ने पूर्व जर्मनीची ट्रॅबंट संचात आणली. त्या गाडीचे अंगच मुळी कापसाच्या टाकाऊ धाग्यांत राळ मिसळून केलेल्या एका प्रकारच्या प्लास्टिकचे! लोक तिला हसले, पण १९८९ साली बर्लिनची भिंत पडली तेव्हा हजारो कुटुंबे तिच्यातच बसून पश्चिमेकडे आली. फ्रान्सची रेनॉ ४ जपानच्या ‘एब्रो’ने केली.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे पन्नासच्या दशकात मोटारींचे विक्रेते गिऱ्हाइकांना नव्या गाडीची हुबेहूब प्लास्टिकची प्रतिकृती देत. गाडीच्या कंपनीकडूनच नकाशे मिळत, त्यामुळे मापे चोख. त्याच साच्यांवरून १९५८ पासून ‘एएमटी’ने दरवर्षीच्या नव्या गाड्यांचे १:२५ प्रमाणातले संच काढायला सुरुवात केली. पण त्यांतही बहुतेक गाड्या दोन दारांच्या आणि ऐटबाज. मुलाबाळांची चार दारांची गाडी तिथेही कमीच.

इटलीत तर मला वाटले, सापडलीच! ‘इटालेरी’ने फियाट ५०० चा १:१२ प्रमाणातला संच काढला आहे. जुळवल्यावर गाडी चांगली पंचवीस सेंटिमीटर लांब होते. ही ५०० दांते जाकोसा यांनी घडवली, ती १९५७ साली बाजारात आली. आणि आपली अकराशे? १९५३ सालची तिची मूळ घडण त्याच जाकोसांच्या हाताखालची. एकाच घरातल्या दोन बहिणी, पण धाकटी जगभर लाडकी झाली. थोरली परदेशी नांदायला गेली, आणि माहेरच्यांनी तिची मापे काढून जपली नाहीत. तिचा १:२४ प्रमाणातला संच मला कोणत्याही दुकानात वा यादीत मिळाला नाही.

यात कोणाचे पाप आहे असे नाही. प्लास्टिकच्या संचासाठी पोलादी साचा लागतो, तो फार महाग असतो आणि हजारोंनी पेट्या खपल्या तरच परवडतो. आपल्या गाडीची आठवण काढत पैसे मोजणारे लोक ज्या देशात पुष्कळ, त्या देशाच्या गाड्या साच्यात उतरतात. आपल्याकडे परदेशी खेळण्यांवर वर्षानुवर्षे आयातीचे निर्बंध होते. किट आले तर बोटीवरच्या मामाच्या ट्रंकेतून. ज्या पिढीने या गाड्या चालवल्या, तिला हा छंदच परवडला नाही. आजही आपल्याकडे टॅक्सीची आणि अँबॅसेडरची मागे ओढून सोडण्याची खेळणी मिळतात, मुले त्यांवर खूश असतात. पण खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक असतो, आणि तो नेमका कुठे असतो हे एव्हाना मला तपासता येऊ लागले होते.

संच पारखायचे कसे, हे इथेच सांगतो. पेटीवरच्या चित्राकडे पाहू नये. पहिली गोष्ट माप. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, घ्यावे. अकराशेचा आणि पुढच्या पद्मिनीचा तो २३४० मिलिमीटर. त्याला २४ ने भागले की ९७.५ मिलिमीटर आणि २५ ने भागले की ९३.६. कागदावर २४ आणि २५ शेजारी असले, तरी हातात चार मिलिमीटरचा फरक पडतो आणि आईच्या बोटांना तो तत्काळ कळतो. दुसरी गोष्ट, टपाची कमान आणि काचेचा उतार. मापे बरोबर असूनही इथे चूक झाली की गाडी परकी दिसते. तिसरी, साच्याचे वय. चौकटीवर किंवा गाडीच्या पोटाखाली बहुधा साल कोरलेले असते. पेटी नवी म्हणून आतला माल नवा असतोच असे नाही. २००६ साली ‘एअरफिक्स’ ‘हॉर्नबी’कडे गेली, त्यानंतरच्या चकचकीत पेट्यांतही अनेकदा जुनेच साचे होते. आणि चौथी, आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे स्टीअरिंग कोणत्या बाजूला आहे ते. जपानी आणि इंग्रजी संच इथे उपयोगी पडतात.

सबंध गाडी मिळत नाही म्हटल्यावर वाटले, निदान चाके तरी दुसऱ्या संचातून घ्यावीत. पद्मिनीची रिम १४ इंची. १:२४ मध्ये ती होते १४.८ मिलिमीटर. फोक्सवॅगन बीटलची १५ इंची, म्हणजे एका मिलिमीटरने मोठी. फियाट ५०० ची १२ इंची, म्हणजे दोन मिलिमीटरने लहान. मॉरिस मायनरची नेमकी १४ इंची, पण तिचा ‘एअरफिक्स’चा संच १:३२ प्रमाणातला! विवाहमंडळात स्थळे पाहावीत तसा प्रकार झाला. सगळे जुळते, एकच गोष्ट अडते.

शेवटी ठरवले, गाडी आपणच मोजायची. पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या गॅरेजमध्ये एक पद्मिनी धूळ खात उभी होती. जाळी वेगळी, पण अंगलट आमच्या अकराशेचीच. मिस्त्रींना विचारून दोन रविवार मी तिच्याभोवती घालवले. सपाट फरशीवर ती आणली. बंपरच्या टोकांपासून, दारांच्या कडांपासून ओळंबा सोडला आणि जमिनीवर खडूने खुणा केल्या. टपाच्या कमानीला पुठ्ठे कापून बसवले आणि ते पुठ्ठे घरी आणले. मिस्त्री पान जमवत बघत होते. म्हणाले, “साहेब, लोक हिचे पार्ट काढून न्यायला येतात. नुसतं माप काढून नेणारे तुम्ही पहिलेच.”

ती मापे माझ्या इंजिनिअरिंगला असलेल्या भाचीने कॉम्प्युटरवर चढवली आणि त्रिमित छपाईच्या यंत्रावर गाडीचे अंग छापले. हे यंत्र पातळ थरांवर थर चढवत वस्तू घडवते, त्यामुळे पोलादी साचा लागत नाही. एकच नग हवा असला तरी चालते. चाकेही तशीच केली. थरांच्या रेघा घासून घालवायला मात्र तीन आठवडे गेले. खऱ्या गाडीत दाराची फट चार मिलिमीटरची. २४ ने भागली तर ती केसाएवढी होते आणि रंगाखाली बुजून जाते. म्हणून ती जरा खोल कोरावी लागली. मापाला थोडे सोडले, तेव्हा ते दार दारासारखे लागले.

रंग पक्का वाळल्यावर गाडी आईच्या हातात दिली. ती बराच वेळ बोलली नाही. बॉनेटवरून बोटे काचेवर गेली, तिथून टपावरून मागे आली आणि मडगार्डाच्या शेपटीसारख्या कडेशी थांबली. “इथे धरून उभी राहायची मी,” ती म्हणाली, “अण्णा आत पेशंट बघत असायचे तेव्हा.” मग विचारले, “दार उघडत नाही का?” नाही, म्हटले. “बरं,” म्हणाली, आणि गाडी मांडीवर ठेवून बसून राहिली. तिने सांगितले ते आम्हा भावंडांपैकी कोणाला ठाऊक नव्हते. वाडीवरच्या अंधारात, कंदिलाच्या उजेडाबाहेर ती तासन्तास त्या मडगार्डाला धरून उभी असायची. आमच्याकडच्या दुसऱ्या फोटोत नेमके तेच मडगार्ड आहे. आजवर आम्ही त्याला वाया गेलेला फोटो समजत होतो.

अँबॅसेडर आणि मारुती ८००, दोघींचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. श्रीमंतांच्या जुन्या गाड्या नीट राहतात. त्यांची प्रदर्शने भरतात, त्यांवर पुस्तके निघतात. डॉक्टरांच्या, मास्तरांच्या, टॅक्सीवाल्यांच्या गाड्या वजनावर विकल्या जातात. त्या इतक्या जास्त होत्या की कोणाला मोजाव्याशा वाटल्या नाहीत, आणि आता झपाट्याने कमी होत आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात, वाड्याच्या बोळात एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाला येण्याआधी एक सकाळ तिला द्या. मुलांना बरोबर घ्या. जरा लांब उभे राहून, बॉनेटच्या उंचीवरून चारही बाजूंनी सरळ फोटो काढा. टेपने लांबी, रुंदी, उंची आणि चाकांमधले अंतर घ्या आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. गाडीत कोण कुठे बसायचे, तेही लिहा. त्या मापांतून पुढे कोणी प्रतिकृती करील, न करील. भागाकार केव्हाही करता येतो, माप मात्र गाडी उभी आहे तोवरच घेता येते.