निंदणाने लव्हाळा का जात नाही

काटोल-नरखेडच्या संत्राबागांत पावसाळ्यात निंदण होऊन आठवडा सरत नाही तोच लव्हाळा पुन्हा डोकं काढतो. मग ‘नीट निंदलं नाही’ म्हणून बायांना बोल लावला जातो. हा बोल अन्यायाचा आहे. लव्हाळ्याचा खरा जीव जमिनीखाली असतो. काळपट, सुगंधी गाठी एकमेकींना बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या असतात. टोकाची गाठ वाढत असते तोवर बाकीच्या दबून राहतात. डवऱ्याने दोरा तुटला, की सुटी झालेली प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. ग्लायफोसेट हे तणनाशकही हिरव्या पातीला जोडलेल्या गाठीपर्यंतच पोचतं. सुट्या, झोपलेल्या गाठी वाचतात.

लव्हाळा गवत आहे, हाही गैरसमजच. दांडी बोटांत फिरवून पाहा: तीन कडा लागतील, पेर एकही नाही. हा फरक खिशाला भिडतो, कारण सोयाबीनवर फवारलं जाणारं क्विझालोफॉप गवत मारतं, लव्हाळ्याला मात्र काही करत नाही.

तो ओलीतच वाढतो असंही नाही. नदीकाठची रेती, बरड जमीन, सगळं त्याला चालतं. उन्हाळ्यात पात वाळते, गाठी तग धरतात. गाजरगवतासारखा तो परदेशातूनही आलेला नाही, इथलाच आहे. जगातल्या तणांवरच्या 1977 च्या एका प्रसिद्ध ग्रंथात त्याला पहिला क्रमांक मिळाला, तरी आयुर्वेदात हाच ‘मुस्ता’ म्हणून ताप-अतिसारावर मानाचा आहे आणि दिवाळीच्या उटण्यात त्याच्या गाठी ‘नागरमोथा’ म्हणून लागतातच.

मग करायचं काय? नागपूरचं ऊन कामाला लावा. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. कोरडवाहू वावरात एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून त्या उघड्या पाडा, वखरामागे वेचून बाहेर काढा. उरलेल्या सुकून मरतात. ओलिताच्या बागेत ओलावा राहतो, तिथे हा उपाय तोकडा पडतो. पण लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून झाडांच्या ओळींमध्ये दाट आंतरपीक घ्या.

तो बियांपेक्षा गाठींनीच पसरतो, औजाराला चिकटलेल्या मातीतून आणि रोपवाटिकेतूनही. कलमाच्या पिशवीत त्याची पात दिसली तर ते कलम घेऊ नका. पात उपटून दिली तरी गाठ आतच राहते.