मासे आणण्यापूर्वी पाणी मुरू द्यावे

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची हौस अलीकडे लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या गावांतील घराघरांत दिसू लागली आहे. मुलाचा वाढदिवस येतो किंवा दिवाळीची सुट्टी लागते. वडील मुलास घेऊन पुण्यास जातात. तेथून काचेची पेटी, रंगीत खडे, एअर पंप आणि पिशवीत चार सोनेरी मासे अशी सर्व खरेदी एकाच फेरीत होते. त्याच सायंकाळी पेटी नळाच्या पाण्याने भरली जाते व तीत मासे सोडले जातात. पाणी स्फटिकासारखे निर्मळ दिसत असते. परंतु चार-सहा दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, खाणे टाकतात, आणि दुसऱ्या आठवड्यात एखाद्या सकाळी ते पाण्यावर तरंगताना आढळतात.

मग घरात कारणांचा शोध सुरू होतो. कोणी म्हणतो, अन्न जास्त पडले. कोणी म्हणतो, दुकानदाराने रोगट मासे दिले. कोणी ‘मासा हा प्राणीच नाजूक’ असे म्हणून समाधान मानतो. मूल मात्र मनात समजते की, आपल्या हातूनच काही आगळीक झाली. पुन्हा नवे मासे येतात व पुन्हा तीच गत होते. वस्तुतः हा दोष बहुधा माशाचाही नसतो व मुलाचाही नसतो; तो पाण्याचा असतो, आणि तोही डोळ्यांस न दिसणारा. हा दोष कोणता व तो टाळावा कसा, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम नदीतील मासा व पेटीतील मासा यांच्या स्थितीतील भेद ध्यानात घ्यावा. आपली इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते आणि मावळातून देहू-आळंदीकडे वाहत जाते. तिच्यातील माशाच्या शरीरातून जो मळ बाहेर पडतो, तो विपुल पाण्यात मिसळून क्षणात विरळ होतो व प्रवाहाबरोबर निघून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत जेमतेम पन्नास लिटर पाणी मावते. तेथे प्रवाह नाही. मासा ज्या पाण्यात मलोत्सर्ग करितो, त्याच पाण्यात त्यास श्वास घ्यावयाचा असतो.

हा मळ म्हणजे मुख्यतः अमोनिया. गुरांच्या गोठ्यात शिरताच जो उग्र दर्प नाकास झोंबतो, तो ह्याच वायूचा. माशाच्या शरीरात अन्नाचे पचन झाल्यावर उरलेला नत्र अमोनियाच्या रूपाने बहुतांशी कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. शिवाय न खाल्लेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. पाण्यात ह्याची दोन रूपे असतात. एक तीव्र विषारी व दुसरे बरेच सौम्य. पाणी उदासीन, म्हणजे आम्लही नाही व अल्कलीही नाही, असे असेल (शास्त्रीय मापाने पीएच ७), तर २५ अंश सेल्सियस उष्णतेस एकूण अमोनियाचा शंभरावा हिस्सादेखील विषारी रूपात नसतो. परंतु पीएच ८ झाला की हेच प्रमाण शेकडा पाचांवर जाते. विषारी अमोनिया माशाचे कोमल कल्ले जाळून टाकतो. आणि कल्ले जळले की भोवती पाणी असूनही मासा गुदमरतो.

मग तळ्यांत व डबक्यांत, जेथे प्रवाह नाही, तेथे मासे जगतात तरी कसे? ह्याचे उत्तर मातीत आहे. शेणखत शेतात पडले की त्याचा दर्प काही दिवसांत नाहीसा होतो व पिकास पोषक द्रव्य मिळते, हे मावळचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या पाहत आला आहे. पूर्वी बिहार प्रांतात गोठ्यांच्या व जुन्या वस्त्यांच्या मातीतून शोरा काढीत. तो दारूगोळ्यासाठी जहाजे भरून विलायतेस जाई. जनावरांच्या मूत्रातील अमोनियाचा मातीत शोरा, म्हणजे नायट्रेट, होतो हे लोकांस ठाऊक होते; पण तो करितो कोण, हे ठाऊक नव्हते.

सन १८७७ मध्ये श्लोझिंग व म्युन्ट्झ ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी ह्याचा छडा लाविला. त्यांनी एका उभ्या नळीत वाळू व थोडी चुनखडी भरून तीतून गटाराचे पाणी अगदी हळूहळू झिरपविले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. जेवढा अमोनिया वरून घातला, तेवढाच खालून बाहेर आला. त्यानंतर मात्र अमोनिया कमी होऊ लागला व नायट्रेट दिसू लागले. ही जर केवळ रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हावयास पाहिजे होती. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडिली, क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून घेतला, तरी ती आपोआप सुरू झाली नाही. परंतु बागेतील थोडी माती कालविलेले पाणी ओतल्यावर ती पुन्हा चालू झाली. अर्थात हे कार्य सजीवांचे होते. ज्यास आपले मासे जगवावयाचे आहेत, त्याने ही नळी नेहमी डोळ्यांपुढे ठेवावी. कारण आपली पेटी म्हणजे तीच नळी होय.

पुढे १८९० मध्ये विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने झुरिक येथे हे सूक्ष्म जंतू वेगळे करून दाखविले. त्यावरून असे कळले की, हे काम दोन टप्प्यांनी होते. जंतूंचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करितो व दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट करितो. ह्यांपैकी नायट्राइट हेही विषच आहे. ते माशाच्या रक्तात शिरून रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावते. रक्त तपकिरी होते आणि कल्ले शाबूत असूनही मासा धापा टाकतो. शेवटचे नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी असते. पाणवनस्पती ते शोषून घेतात, आणि उरलेले आपण पाणी बदलून काढून टाकू शकतो. गोड्या पाण्याच्या पेटीत हे दुसऱ्या टप्प्याचे काम मुख्यत्वे ‘नायट्रोस्पिरा’ नावाचे जंतू करितात, असे १९९८ मध्ये दिसून आले. आणि ह्याच कुळातील काही जंतू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, असा शोध २०१५ मध्ये लागला.

नव्या पेटीत उणीव असते ती ह्या जंतूंची. त्यांची वाढ फार मंद असते. अन्न नासविणारे जंतू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. ह्यांस दुप्पट होण्यास एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. शिवाय ते मोकळ्या पाण्यात फारसे राहत नाहीत. फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर व काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. म्हणून पाणी नुसते चार दिवस भरून ठेविल्याने ते मुरत नाही. कारण जंतूंस अन्न मिळत नाही. अन्नावाचून शेतात पीक येत नाही, तसेच हेही.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. पेटी जागेवर ठेवून खडे धुऊन घालावेत व पाणी भरावे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो व तो आपल्या उपकारक जंतूंसही मारतो. म्हणून पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवावे, अथवा मत्स्यसाहित्याच्या दुकानात मिळणारे क्लोरिननाशक द्रव्य सांगितलेल्या प्रमाणात घालावे. फिल्टर व एअर पंप अहोरात्र चालू ठेवावेत. कारण अमोनियातील एक ग्रॅम नत्राचे नायट्रेट करण्यास जंतूंस सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. मासा मात्र एकही सोडू नये.

जंतूंचे अन्न म्हणून शुद्ध नवसागर वापरावा. कल्हईवाला जो नवसागर वापरतो, त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असू शकतात. यास्तव प्रयोगशाळेतील शुद्ध नवसागर शिक्षकांच्या देखरेखीखाली तोलून घ्यावा. ३ ग्रॅम नवसागर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावा. ह्या द्रावणाचे १० मिलिलिटर पन्नास लिटरच्या पेटीत घातले, म्हणजे दर लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. मग थेंब टाकून रंग पाहण्याच्या चाचणीसंचाने एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजून वहीत नोंद करावी. प्रथम बरेच दिवस अमोनिया ढळणार नाही. श्लोझिंग-म्युन्ट्झ यांच्या नळीतही तो ढळला नव्हता. नंतर तो उतरू लागेल व नायट्राइट चढेल. अमोनिया संपत आला की पुन्हा तेवढेच द्रावण घालावे. कालांतराने नायट्राइटही उतरेल व नायट्रेट वाढत जाईल. ज्या दिवशी १० मिलिलिटर द्रावण घातल्यापासून चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर येतील, त्या दिवशी पाणी मुरले असे समजावे. सामान्यतः ह्यास चार ते सहा आठवडे लागतात. मग निम्म्याहून अधिक पाणी बदलून दोन-तीन लहान मासे सोडावेत व पुढील मासे हळूहळू वाढवावेत.

हा काळ कमी करण्याचा एक उत्तम उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. दूध विरजण्यास आई कालचे चमचाभर दही घालते. त्याचप्रमाणे एखाद्या मित्राच्या जुन्या व निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडे ओले असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेविले, तर जंतूंचे विरजण लागते व आठवड्यांचे काम पुष्कळदा दिवसांवर येते. मात्र विरजण लागले की नाही, हे चाचणीनेच ठरवावे.

लोणावळ्याच्या हवेत दोन-तीन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी लागते. हे जंतू २५ ते ३० अंश उष्णतेत चांगले वाढतात. आपल्याकडे पावसाळ्यात व थंडीत पाणी त्याहून बरेच थंड होते, म्हणून तेव्हा दोन आठवडे अधिक लागले तर उतावीळ होऊ नये. दुसरे असे की, पावसाचे साठविलेले पाणी अतिशय मृदु असते. जंतूंच्या कार्याने पाण्यातील अल्कलीपणा खर्च होतो. मृदु पाण्यात तो लवकर संपून पाणी आम्ल होते व जंतूंचे काम थंडावते. अशा वेळी फिल्टरमध्ये शिंपल्यांचे काही तुकडे ठेवावेत. तिसरे, वादळी पावसात वीज गेली व फिल्टर बराच वेळ बंद पडला, तर त्यातील जंतू प्राणवायूवाचून मरू लागतात. अशा वेळी स्पंज फिल्टरमधून काढून पेटीच्या मोकळ्या पाण्यात ठेवावा. तसेच स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा. स्वच्छतेच्या अतिरेकाने कित्येक जुन्या पेट्या पुन्हा नव्या होऊन बसतात.

ज्यांच्या घरी मासे आधीच आले असतील, त्यांनी निराश होऊ नये. अन्न अगदी थोडे द्यावे. रोज चाचणी करावी. अमोनिया वा नायट्राइट दिसताच पेटीतील तिसरा हिस्सा पाणी क्लोरिनरहित पाण्याने बदलावे. आणि जंतू वाढेपर्यंत हा क्रम सोडू नये.

पालकांस एक विनंती आहे. रिकाम्या पेटीकडे पाहत महिना-दीड महिना थांबणे मुलांस कठीण जाते. परंतु हाच काळ शिक्षणाचा आहे. रोजची नोंद, तीवरून काढलेला आलेख, एक रेषा उतरताना दुसरी चढते हे स्वतः पाहणे, ह्यांतून मुलास जे कळते ते पुस्तकातून सहसा कळत नाही. पवित्र शास्त्राच्या आरंभी उत्पत्तीचा जो क्रम सांगितला आहे, त्यात जले एकत्र झाली व वनस्पती उगवल्या तो तिसरा दिवस, आणि जलचर आले तो पाचवा. घर अगोदर आणि रहिवासी मागाहून, हाच क्रम आपल्या लहानशा पेटीसही लागू आहे.

शेवटी, पेटीचा हा नियम पेटीपुरताच नाही. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये ज्या महसीर माशाचे वर्णन पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले, त्याची पैदास लोणावळ्यास वलवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात सुरू केली व तेथील पिले दूरदूरच्या जलाशयांत सोडण्यात आली. ह्या माशास निर्मळ व प्राणवायूने भरलेले पाणी लागते. परंतु ज्या इंद्रायणीत त्याचे पूर्वापार वास्तव्य, तिच्यावर आळंदीस अलीकडील वर्षांत पांढरा फेस तरंगताना वारंवार दिसला आहे. नदीच्या खडकांवर व वाळूवरही तेच जंतू राहतात व तेच काम करितात. पण त्यांच्या शक्तीबाहेर सांडपाणी आले व प्राणवायू संपला, म्हणजे वाहती नदीदेखील एक न मुरलेली पेटी होते. ज्या मुलाने आपल्या घरी पन्नास लिटर पाणी सहा आठवडे जपले आहे, तो नदीत काहीही ओतताना थबकेल, आणि इतरांसही थांबवील.