ठासणीच्या बंदुकीचा बार

ठासणीच्या बंदुकीचा बार : नळीच्या तोंडातून भरावयाची काळी दारू, चिंधी व गोळी यांचा संच. कोकणात ही बंदूक पीकसंरक्षणासाठी परवान्याने बाळगली जाते. काळ्या दारूत सर्वसाधारणपणे सोरा ७५%, कोळसा १५% व गंधक १०% असतो.

हरणासाठी शिशाची एकच गोळी योग्य ठरते. छर्रे लवकर वेग गमावतात व जनावर घायाळ होऊन निसटते. गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२·५ मिमी. व्यासाची गोळी सु. ११·६ ग्रॅ. भरते; भक्कम नळीत तिला सु. ५ ग्रॅ. दारू पुरते. दारू वाढविल्यास धक्का व धूर वाढतात, वेग त्या मानाने वाढत नाही. गोळी गजाने दारूवर घट्ट टेकवावी लागते. मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुटण्याचा धोका असतो. याच कारणाने धूरहीन दारू यात सर्वथा वर्ज्य होय.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्याची १९९१ मधील दुरुस्ती यांनुसार भारतात हरणांच्या शिकारीस बंदी आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र अशा बंदुकांसाठी शिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो.