पन्नास वर्षांनंतरचा मी

म्हातारपणाची तरतूद वेळींच करावी, हें कोणाला ठाऊक नाहीं? तरी ती राहून जाते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनीं १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत एका मुलाचें उदाहरण दिलें आहे. पन्नास वर्षांनीं हाल होऊं शकतील हें जाणूनहि तो धूम्रपान सुरू करतो. हाल भोगणारा तो म्हातारा त्याला परकाच वाटतो.

२०११ सालीं अमेरिकेंत हॅल हर्शफील्ड आदि संशोधकांनीं कांहीं तरुणांना संगणकाच्या आभासी आरशांत त्यांचाच वृद्ध चेहरा दाखविला. मग विचारलें, हजार डॉलर अकस्मात् मिळाले तर काय कराल? आजचाच चेहरा पाहिलेल्यांपेक्षां त्यांनीं निवृत्तीसाठीं दुपटीहून अधिक रक्कम काढून ठेवली. अर्थात् कागदावरच! मला मात्र पार्फिट यांचा निष्कर्ष अधिक बोचतो: त्या म्हाताऱ्याला आजार देणें हें परक्याला इजा करण्याइतकेंच गर्ह्य होय.