उंदराची जखम आणि मावशींचा पाय

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक विक्रेता आला. जखमेवर लावायच्या पारदर्शक पट्ट्या त्याच्याकडे होत्या. म्हणाला, "हे हायड्रोजेल आहे. प्राण्यांवर सिद्ध झालंय." आमच्या एका मावशींना साखरेचा आजार आहे आणि पायाला जखम होती. त्या लगेच पैसे काढू लागल्या. मी म्हटलं, मावशी थांबा, आधी 'प्राण्यांवर सिद्ध' म्हणजे काय ते समजून घेऊ. तेच आज तुम्हालाही सांगते.

सब्जा भिजवला की प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं. ते पाणी धरून ठेवतं, सांडू देत नाही. हायड्रोजेल तसंच असतं. त्यात बहुतेक पाणीच असतं. त्यामुळे जखमेत ओल टिकते आणि पट्टी काढताना नवी कातडी ओरबाडली जात नाही. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही गॅमा किरण वापरून अशी पट्टी तयार केली आहे.

तुम्ही म्हणाल, जखम तर कोरडी ठेवायची असते ना? १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने हेच तपासलं. डुकरांच्या अंगावरच्या काही वरवरच्या जखमा त्याने उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. उघड्या जखमेवर खपली धरते आणि नव्या कातडीला तिच्याखालून वाट काढावी लागते. पण ओल म्हणजे ओलं फडकं नव्हे, बरं का. पट्टी निर्जंतुकच हवी.

आता नवी पट्टी आली की ती बहुधा आधी उंदरांवर तपासतात. भूल देऊन पाठीवर सारख्या मापाच्या जखमा करतात. काहींना साधी पट्टी, काहींना हायड्रोजेल. मग ठरलेल्या दिवशी जखम मोजतात, सूक्ष्मदर्शकाखाली नवी कातडी बघतात. आपल्याकडे त्यासाठी समितीची परवानगी लागते. प्राण्यांना त्रास कमी व्हावा, गरजेपेक्षा जास्त प्राणी वापरू नयेत, हे ती समिती पाहते.

पण उंदराची कातडी सैल असते. त्याची जखम मुख्यतः कडा ओढल्या जाऊन मिटते. आपली जखम बऱ्याच अंशी खालून भरत येते. म्हणून काही चाचण्यांत उंदराच्या जखमेभोवती कडी शिवतात, म्हणजे कडा ओढल्या जात नाहीत. डुकराची कातडी आपल्या कातडीच्या जास्त जवळची, म्हणून पुढे डुकरांवर तपासतात. त्यानंतर माणसांवर. शिवाय चाचणीतला उंदीर बहुधा तरुण आणि धडधाकट असतो. मावशींचं वय साठ, त्यात साखर वाढलेली.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी असं काही विकायला आलं तर तीन गोष्टी विचारा. माणसांवर तपासलंय का? कोणत्या जखमेसाठी आहे? पाकिटावर परवाना क्रमांक आणि मुदत आहे का?

आमच्या विक्रेत्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मावशींना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "ही जखम आधीच पाझरतेय. हायड्रोजेल कोरड्या जखमेला बरं, हिला नको." त्यांनी जखम साफ केली, साखर तपासली, औषध बदललं. मावशींचे पैसे वाचले. त्याहून मोठं म्हणजे, पाय वेळेवर डॉक्टरांच्या नजरेखाली आला.